घोंगडीतला बुद्ध

आमच्या घरी बुद्ध यायचा तो खालापूरच्या बाजूनं. आईचं माहेर कुंभिवलीचं, आणि जगात जे काही चांगलं आहे ते तिकडूनच येणार अशी तिची पक्की समजूत, मग बुद्ध तरी दुसरीकडून कसा येईल? आम्ही राहायचो पळसदरीला, रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या वस्तीत. माझा बा रेल्वेत गँगमन होता. दिवसभर घाटातल्या रुळांवर पहार आणि हातोडा घेऊन फिरायचा, संध्याकाळी घरी आला की ओटीवर बसून आधी तळपायात रुतलेले खडे काढायचा आणि मग पंचा घेऊन ओढ्यावर अंघोळीला जायचा. तो गेला की आई परातीत तांदळाच्या पिठाची उकड मळायला घ्यायची आणि मी आणि माझा धाकटा भाऊ बाळू चुलीपुढे सरकून बसायचो. बाहेर घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून लावलेली इंजिनं धापा टाकायची, तव्यावर भाकरी फुगायची, आणि आई थापता थापता बुद्धाला कुंभिवलीच्या वाटेला लावायची. बाचं खाकरणं कानावर आलं की गोष्ट असेल तिथे थांबायची आणि आई एकदम विचारायची, "चटनीला मीठ पुरं हाय का बघ गं." गोष्ट नेहमी बाच्या माघारीच का चालते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

तिचा बुद्ध असा: खांद्यावर काळी घोंगडी, हातात जाडजूड काठी आणि मागे एक काळं कुत्रं. पाताळगंगेच्या काठाकाठानं चालत तो कुंभिवलीत आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पटकीच्या साथीच्या भीतीनं सगळ्या गावानं दारं लावून घेतली होती. हा एकेक दार वाजवतोय, कोणी कडी काढेना. शेवटी टोकाच्या घरातल्या म्हातारीनं दार उघडलं. तिच्याकडे काय असणार? गाडग्यात थोडी पेज आणि वाटीभर जवळ्याची, सुकवलेल्या बारीक कोळंबीची चटणी. इथे आई जवळा कसा भाजला, लसूण किती घातला, वरून तेलाचा थेंब सोडला की नाही, हे इतकं साग्रसंगीत सांगायची की बाळूच्या तोंडाला पाणी सुटायचं. बुद्ध जेवला, उरलेली पेज कुत्र्याला घातली, आणि उठून काठी जमिनीवर ओढत साऱ्या गावाभोवती फिरला. रेघ पुरी झाली तशी पटकी वेशीबाहेर राहिली. "मग तो गेला?" बाळू दर वेळी विचारायचा. "जातो कशाला? आजून फिरतोय. जिथं माजी पोरं तिथं तो. तुमी निजा खुशाल." आणि आम्ही खुशाल निजायचो. आज मी सत्तरी ओलांडली, गोळी घेतल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही, आणि तशी झोप पुन्हा नशिबी आली नाही म्हणून मला कधी कधी आईचाच राग येतो.

तेव्हा कळत नव्हतं ते सांगून टाकते. हा बुद्ध नव्हताच. घोंगडी, काठी, काळं कुत्रं, वेशीची राखण, हा सगळा थाट आमच्या भागातल्या गावागावाच्या राखणदाराचा, बहिरीदेवाचा. मी पोटात होते की अंगावर पीत होते, ते आई दर वेळी वेगळं सांगायची, पण त्या सुमाराला आमच्या सगळ्या वस्तीनं धम्म घेतला. घराघरातले देव टोपल्यांत भरून ओढ्यात सोडले. आमच्या घरचे बानं नेले, आणि टोपली त्याच्या डोक्यावर आईनंच चढवली. देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाची तसबीर लागली. बा तोवर अंगठाबहाद्दर, पण धम्म घेतल्यावर रात्रीच्या वर्गाला जाऊन लिहायवाचायला शिकला आणि पुढे वस्तीच्या विहारात दर रविवारी वंदना घ्यायला लागला. विहार म्हणजे तेव्हा पत्र्याची शेड. तिथे वंदना घेताना बाचा आवाज वेगळाच व्हायचा, आणि घरी आल्यावरही थोडा वेळ तो आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलायचा. घरात 'देव' हा शब्द काढायची सोय नव्हती. ठेच लागली तरी आई 'अरं देवा' म्हणता म्हणता मध्येच ओठ मिटायची. वस्तीचा ठराव होता की ज्याच्या घरात पुन्हा देव सापडेल त्याच्या घरी कोणी जायचं नाही, लग्नाला नाही की मयताला नाही. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या जे भोगलं त्यानंतर असा ठराव करणं मला आजही चुकीचं वाटत नाही. पण त्या ठरावाखाली माझी आई पाच-सहा वर्षं काय जीव मुठीत धरून गोष्टी सांगत होती, ते कोणाला माहीत?

मी सहा-सात वर्षांची असेन, त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला पोरांनी एकेक करून भगवान बुद्धांविषयी बोलायचं असं ठरलं. ठरवलं शांताराम गुरुजींनी. गुरुजी कडावचे, आमच्या भागातली लग्नं तेच लावायचे, नामकरणं तेच करायचे, आणि धम्म शिकवायला सायकलवरून वस्त्यावस्त्यांना फिरायचे. मायाळू माणूस होता, पण धम्मात भेसळ झालेली त्यांना खपत नसे. बाला तर हुरूप चढला. वंदना घेणाऱ्याची पोरगी, ती पहिली उभी राहणार. त्यानं जन्म, गृहत्याग, ज्ञानप्राप्ती असं सगळं माझ्याकडून ओळीनं घोकून घेतलं. मी घोकत असताना आई सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची आणि खडा नसलेला तांदूळही निवडत राहायची. पौर्णिमेच्या दुपारी ती माझी वेणी घालत होती. इतकी घट्ट ओढली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"बानं शिकवलंय तेच म्हन," ती म्हणाली. "माजी गोष्ट नको हां तिथं."

"का गं आये?"

"ती घरातली हाय."

"बुद्धाचीच तर हाय ना?"

तिनं वेणी सोडून पुन्हा पहिल्यापासून घातली. मला तेव्हा काही समजलं नाही, पण ती घाबरली आहे एवढं त्या ओढीवरून मानेला कळत होतं. मोठी माणसं का घाबरली आहेत ते ठाऊक नसलं की पोरं दुप्पट घाबरतात.

विहारात पुरुष पुढे, बायका मागे. मी उभी राहिले, हात जोडले. "सिद्धार्थाचा जन्म," एवढं म्हटलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. पुढचं सगळं पाटी पुसावी तसं पुसलं गेलं. बा पहिल्या रांगेत बसून नुसते ओठ हलवून सांगत होता, पण मला काही वाचता येईना. कोणीतरी खोकलं. आता रडू फुटणार असं वाटलं आणि त्याच वेळी माझ्या तोंडून निघालं, "बुद्ध खालापूरच्या बाजूनं आला." एकदा सुरू झाल्यावर मग काय, ही गोष्ट मला झोपेतसुद्धा येत होती. घोंगडी आली, काठी आली. मागे बसलेल्या बायका, ज्या एरवी वंदनेला पोरं थोपटत पेंगायच्या, त्या माना उंचावून ऐकायला लागल्या. जवळ्याच्या चटणीला पुरुषांत खसखस पिकली. गुरुजींच्या तोंडावरचं हसू मात्र हळूहळू गेलं. मी काठीची रेघ गावाभोवती फिरवत होते तेवढ्यात धाकूआबा, वस्तीतला सगळ्यात जुना म्हातारा, मोठ्यानं म्हणाला, "अरं, ही तर बहिरीची. कुत्रंसुदीक त्याचंच."

मी आईकडे बघितलं नाही. बघितलं तर सगळे तिकडेच बघतील एवढी अक्कल त्या वयातही आली होती.

"पोरी, ही गोष्ट तुला कोणी सांगितली?" गुरुजींनी विचारलं. आवाज चढवला नाही, पण त्यांचा चेहरा पडला होता. "भगवान बुद्ध माणूस होते. ते काठीनं रोगराई अडवत नव्हते. कोणी सांगितलं तुला हे?"

बा खाली मान घालून बसला होता आणि त्याची मान लाल झाली होती. मागून कोणीतरी म्हणालं, "घरात देव लपवलेला दिसतोय." दुसरं कोणी म्हणालं, "वंदना घेनाऱ्याच्याच घरात?" गुरुजींनी हात वर केला. म्हणाले, आज सणाचा दिवस आहे, आज वाद नको. पुढल्या रविवारी याचा काय तो खुलासा व्हावा.

घरी आल्यावर आईनं खीर तशीच झाकून ठेवली. बाळू खिरीकडे बघत होता, पण मागायची त्याचीही छाती झाली नाही. बानं भिंतीला टेकून बसत आईला विचारलं, "तू सांगितलीस ना?"

"हां."

"बहिरीची हाय हे ठावं होतं?"

"माज्या आयेनं मला सांगितलेली. मला ठावं नसंल?"

"मग बुद्धाचं नाव का लावलंस गं त्याला? बहिरीचं सांगतीस तर एक गुन्हा. हे तर दोन झाले."

आई तोवर हळू बोलत होती. आता तिनं पदर खोचला. "तुमी देव नेलेत, मी आडवी आले का? टोपली मीच दिली डोक्यावर. खरंच सांगते, मला त्यांचं कायपन वाटलं नाय, त्यांनी आपलं काय भलं केलं होतं? पन गोष्टी कुटं नेऊ? त्या काय टोपलीत बसतात? पोरं निजताना गोष्ट मागतात. बहिरीची सांगायची चोरी, आन बुद्धाची मला येती कुटं? तुमी रात्रीच्या शाळेला गेलात, तुमाला वाचता येतंय. येऊन कदी सांगितलंत, बस हितं, बुद्धाची गोष्ट आईक म्हनून? विहारात आमी मागं. तुमी पालीत म्हनता, आमी तुमच्या मागनं म्हनतो. बुद्ध काय खायचा, कुनाच्या दारात बसायचा, त्याला बायको होती तर तिचं पुडं काय झालं, आमाला कुनी सांगितलं?"

एवढं बोलताना बानंही तिला कधी ऐकलं नसणार. नंतर तो उठून ओटीवर गेला आणि अंधार पडेस्तोवर तिथेच बसला.

तो आठवडा अजून आठवतो. आईला काय करतील, हा एकच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. विहारात सगळ्यांपुढे उभी करतील. वस्ती आमच्याकडे यायची बंद होईल. पाणवठ्यावर गेले की बायका बोलता बोलता थांबायच्या. शेजारची काकू नेमकी त्याच दिवसांत पीठ मागायला आली आणि पीठ घेताना तिची नजर माळ्यावर, कणगीमागे, सगळीकडे फिरून आली. आईनं भाकऱ्या मुक्यानं थापल्या. मी आणि बाळूनं गोष्ट मागितली नाही. बाळूला एका संध्याकाळी नुसती कणकण आली तर आई त्याच्या अंगावर हात ठेवून तास न्‌ तास बसली, आणि ती मनात कोणाला हाक मारतेय या शंकेनंच मला घाम फुटला.

रविवारी शेड भरली होती, एरवी न येणारेही आले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. वंदना बानंच घेतली. खोटं बोलणार नाही, हे शील त्याच्या मागून आम्ही सगळ्यांनी म्हटलं. मग गुरुजींनी विचारलं, आणि बा उभा राहिला.

"गोष्ट मी सांगितली," तो म्हणाला. "ल्हानपनी आईकलेली. नाव बदलून पोरांना सांगितली. घरात देव नाय. कोनीपन या, माळा बघा, कनगी उपसा."

माझ्या बाजूला आई उठायला लागली. बानं मागे वळून तिच्याकडे अशी नजर टाकली की ती गुडघ्यावर होती तिथेच राहिली. धाकूआबाला तर सगळं माहीत होतं. या गोष्टीतली पेज, पाताळगंगा, टोकाची म्हातारी, हे सगळं खालापूरकडचं, आणि आमचा बा जन्मला वाढला पळसदरीत. म्हाताऱ्यानं एकदा बायकांच्या बाजूला बघितलं, मग खाली बघून तंबाखू मळायला लागला. गुरुजींनाही कळलं होतं असं मला आता वाटतं. ते म्हणाले, "कबूल केलंत, बरं झालं. पण वंदना काही दिवस दुसऱ्या कोणाला घेऊ द्या." बानं मान डोलावली आणि दाराजवळ, जिथे उशिरा येणारे बसतात, तिथे जाऊन बसला.

वाटेत आई त्याला म्हणाली, "आत्ताच तर म्हनलात खोटं बोलनार नाय म्हनून."

"म्हनलो."

"मग?"

"तुला तिथं उभी केली असती, मला नसतं बघवलं," बा म्हणाला, आणि एवढं बोलल्याचीच लाज वाटून झपाझप पुढे निघून गेला.

लोक असं प्रेम पोथीपुराणात शोधतात. माझ्या बानं ते विहारातून घरी जायच्या धुळीच्या वाटेवर, आमच्याकडे पाठ करून बोलून टाकलं. पण खरं सांगायचं तर त्यानं आईला वाचवलं आणि त्याच दिवशी तिचं तोंडही कायमचं बंद झालं. माझ्यापायी यांची जागा गेली, हे तिनं मनाला लावून घेतलं ते घेतलंच. त्या दिवसापासून तिनं गोष्ट सांगितली नाही. बाळू मागायचा, रडायचा, तर म्हणायची, "मला नाय येत रं, बाला सांग." आणि बाही बिचारा बसायचा. रविवारी चुलीपुढे मांडी घालून वाचून दाखवायचा, बुद्धाच्या बायकोचं पुढे काय झालं तेसुद्धा. पण त्याचं गोष्ट सांगणं म्हणजे गँगला काम वाटून देणं. इथून हा निघाला, तिथे तो पोचला, झालं. बाळू पेंगायचा. आई मात्र हातातलं काम सोडून ऐकायची, एखादा प्रश्न ओठावर यायचा तिच्या, आणि ती तो गिळायची. बाला वंदना पुन्हा मिळाली, वस्ती सगळं विसरली, धाकूआबा गेला, शेडच्या जागी पक्कं विहार उभं राहिलं. आई विसरली नाही.

पुढे मी नर्स झाले, कर्जतच्या दवाखान्यात लागले, लग्न झालं, सुजाता झाली. बा गेल्यावर आईला मी माझ्याकडे आणलं. सुजाताला मी बुद्धाच्या गोष्टी सांगायचे, पुस्तकातून नीट वाचून. माझी पोर गोष्टीबाबत कोणाची कुचराई चालवून घेणारी नव्हती. ती म्हणायची, आई, तू दवाखान्यातल्यासारखं सांगतेस. खरंच होतं ते. लहानपणीची ती गोष्टही मी एकदोनदा सांगून बघितली, पण माझ्या तोंडी ती उभीच राहीना. म्हातारीनं दार उघडलं की माझा बुद्ध पाहुण्यासारखा अवघडून बसायचा.

एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि सुजाता आजीच्या मांडीवर डोकं ठेवून हट्टाला पेटली होती. मला ऐकवेना. मी म्हटलं, "आये, सांग की तिला. ती कुंभिवलीची."

आईनं दचकून माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. दार उघडं होतं, जिन्यात कोणी नव्हतं.

"नको बाई," ती म्हणाली. "पोर शाळेत बोलंल. तुज्या नोकरीवर कोन काय म्हनंल. तुला चालंल का?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. माझी आई, जिनं मला कडेवर घेऊन साऱ्या जगाचं भय वेशीबाहेर ठेवलं होतं, ती माझ्याच घरात, माझ्याच पोरीला गोष्ट सांगायला माझी परवानगी मागत होती. मला इतकं रडू आलं आणि इतका राग आला, विहाराचा, ठरावाचा, बाच्या त्या नजरेचासुद्धा. पण रडले तर ती आणखी भिईल, म्हणून मी उठले, दार होतं तसंच उघडं ठेवलं आणि तिच्यापुढे फरशीवर बसले.

"बोलू दे तिला शाळेत," मी म्हटलं. "कोन इचारायला आलं तर मी सांगंन, माज्या आयेनं सांगितली म्हनून."

"कुनाचं नाव घेऊ?"

"तुला जे घ्यावंसं वाटंल ते घे."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग सुरू झाली. ओठ हलत होते, पण आवाज इतका बारीक की समोर बसून मलाही कोणाचं नाव घेतलं ते कळलं नाही. सुजातानं मांडीवरून डोकं उचललं आणि आजीची हनुवटी हातात धरून आपल्याकडे वळवली.

"आजी," ती म्हणाली, "मोठ्यानं सांग ना."